कसाऱ्याची नोकरी आणि आमचे कैलासवासी बाबा

कसारा, कार्तिक वद्य पंचमी, शके १८६०

तीर्थस्वरूप कमळाकरमामांच्या पायांशी गणूचा दंडवत. इकडे मी हिंडता-फिरता आहे, त्यालाच खुशाली समजावं. तुमच्या गुडघ्याची कळ थंडीनं वाढली असेल. मामीचा खोकला सरला का? (सरला नसेल तर कळवू नका, आणखी वाईट ऐकायची ताकद नाही.)

मामा, मला इथल्या लाकडाच्या वखारीत कारकुनी कशी लागली, ते आईनं तुम्हांला सांगितलं नसेल. गेल्या साली मी नोकरीसाठी जागोजाग अर्ज केले. ‘सातवी पास आहे, अक्षर बरं आहे, काम द्यावं’ एवढंच लिहीत असे, आणि कुणी उत्तरही देत नसे. शेवटी मुरबाडच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. लिहिता लिहिता त्याचेच डोळे पाणावले. मला वाटलं, तपकिरीमुळे. मला कुठं इंग्रजी येतं? खाली सही ठोकली आणि टपालात टाकला.

पौषात म्हशाच्या जत्रेला वखारीचे मालक नानासाहेब बैल बघायला आले आणि वाट वाकडी करून आमच्या दारी उभे राहिले. मला म्हणाले, “तुझा अर्ज वाचून गहिवरलो. वडील असे अकस्मात गेले, फार वाईट झालं.” वडील त्या वेळी माझ्यामागं ओटीवर दोरी वळत बसले होते. (अर्जनवीसाला मी पुढं जाब विचारला. तो म्हणाला, “अर्जात बाप जिवंत ठेवला तर साहेब विचारतो, मग नोकरी कशाला हवी?”)

बाबांनी दोरी खाली ठेवली, माझ्या तोंडाकडं बघितलं, उठून हात जोडले आणि म्हणाले, “मी ह्याचा चुलता. बसा.” आतून ऐकत असलेली आई पदरानं कपाळ झाकून मागच्या दारानं गोठ्यात शिरली. नानासाहेबांनी हळूच विचारलं, “जाताना काही बोलले का?” बाबा म्हणाले, “बोलला ना. पोराला नोकरी लागली का, येवढंच विचारीत व्हता. दुसरं काय नाय.” नानासाहेबांनी डोळे पुसले आणि नोकरी जागच्या जागी दिली. (ते गेल्यावर आईनं कपाळभर कुंकू लावलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं.)

तेव्हापासून बाबा माझे चुलते आहेत. वैशाखात तांदळाच्या भाकऱ्या नि सुकट घेऊन ते इथं आले, तर करवतवाल्यांसमोर मी “हे आमचे काका” म्हणालो. त्यांनी मान हलवली. परत निघाले तेव्हा फाटकाबाहेर मी “बाबा” म्हणून हाक मारली, तर मागं वळून म्हणाले, “हळू बोल रे, कुनी ऐकल.” त्यानंतर ते आले नाहीत.

आता त्यांना ताप भरला आहे. पंधरवडा झाला, उतरत नाही, आणि तापात सारखं माझं नाव घेतात असा निरोप आला. रजा मागायला गेलो. नानासाहेब म्हणाले, “चुलत्याच्या तापाला रजा द्यायला लागलो तर वखार ओस पडेल.” मग मात्र मी सगळं खरं सांगून टाकलं, की साहेब, ते माझे वडीलच आहेत. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “गणू, बाप गेल्यावर चुलताच बाप, मला कळतं रे. पण रजा नाही.”

आणखी काय लिहू? मामीला नमस्कार, पोरांना पापे.

तुमचा भाचा,
गणू

ता. क. पत्राचं कारण लिहायचं राहिलंच. मामा, तुम्ही आमच्या घरी जा. बाबांच्या उशाशी बसा आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणा, गणूच्या बापाला बघायला आलो.

दुसरा ता. क. हे टपालात टाकत नाही. वखारीचा गाडीवान नवसू तुमच्या शहापूरला माल घेऊन निघाला आहे, त्याच्या गाडीत लाकडांवर मीही चढतो आहे. रजा मिळालेली नाही, नोकरीही राहणार नाही. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी तुमच्यासमोर, तुमच्याच ओटीवर बसलेला असेन. तोंडानं सांगायला गेलो तर रडू फुटेल, म्हणून हा कागद. वाचून झालं की काही विचारू नका. गाडी जुंपा.