दोनदा म्हटलेलं पाच

चकलांबा,
१२ मार्च २०२६

चि. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

मी शेण काढून, अंगण झाडून आले होते आणि हे ज्वारीच्या राशीपुढं माप घेऊन बसले होते. तू आणि आदिनाथ रेकॉर्डर घेऊन आलात, त्या सकाळचं सांगतेय. आदिनाथ म्हणाला, "काकू, जरा लांब बसा, बांगड्या वाजतेत." हे म्हणाले, "बांगड्यांचं काय न्हाई, तोंडाचं बघ."

तुझं पत्र पोचलं. तुमच्या 'ढेकूळ' बँडचं ते पहिलं गाजलेलं गाणं दहा वर्षांनी नव्यानं करताय, वाचून बरं वाटलं. गिटार सुरू व्हायच्या आधी ह्यांचा आवाज येतो: लाभ, दोन, तीन, चार, पाच, पाच. आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पण पाच दोनदा का, असं तू विचारलंस.

पेपरात एकानं लिहिलं होतं, दुसरं पाच पंचमहाभूतांचं. मी ते दोनदा वाचलं. मलाही विचारायला माणसं आली, तेव्हा मी सांगितलं, आमच्याकडं अशीच रीत हाय. आता गावातली पोरंसुद्धा तसंच मोजतात आणि घेणाऱ्याला एक माप जास्त जातं.

रीत नव्हती, बाई. पाचव्या मापाला हे थांबले. म्हणाले, "भिवरे, डावा हात लई भरून आलाय." मी काहीतरी बोलले. हे हसले आणि मोजणी चुकून पुन्हा पाच म्हणाले. चार दिवसांनी गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मधलं बोलणं तुम्ही कापलंत. मी काय बोलले होते? कधी वाटतं, "थांबा, पाणी देते," असं म्हणाले. कधी वाटतं, "आधी रास आवरा." दहा वर्षं दोन्ही खरी वाटतात.

ह्यांचा आवाज ठेवा. दुसरं पाचही राहू द्या. पण ते कापलेलं जपलं असेल तर मला पाठव. जे असेल ते. मोबाइलवर नको, तो घरात सगळ्यांच्या हातात असतो.

काल पत्र इथंच थांबवलं होतं. आज गेवराईला जाऊन रिकामा पेनड्राइव्ह आणला, त्यात भरून पाठव. सोबत घातलाय.

उत्तराची वाट पाहणारी,
तुझी भिवराकाकू