नानाची उरलेली भाषा

राजधानी, ता. ४

चि. सौ. छोटीस, अ. उ. आ.

पोचले गं एकदाची. हे शहर म्हणजे अजबच! प्रत्येक पाटी दोनदा लिहिलेली, वर आपल्या भाषेत, खाली त्यांच्या. बसचा कंडक्टर तिकिटं देतो एका भाषेत आणि भांडतो दुसरीत. मी आ वासून बघत राहिले आणि आपला थांबा मागे गेला.

पण खरा धक्का नानाने दिला. आपण समजत होतो, झटक्याने भावाची वाचाच गेली. छे! मला पाहून रडला, हात धरून घडाघडा बोलला, आणि सगळं त्यांच्या भाषेत! म्हटलं, मेल्या, आजारपणातही नाटकं सुचतात का? तर नुसता बघत राहिला.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला इजा झाली की कधीकधी एक भाषा पुसली जाते, दुसरी शाबूत राहते. आपली गेली. परत येईल, न येईल. आपलं बोलणं त्याला जेमतेम कळतं. अगं, आईच्या मांडीवर शिकलेली गेली आणि सलूनमध्ये लोकांच्या दाढ्या करता करता उचललेली राहिली!

ठरल्याप्रमाणे त्याला घेऊन येते. खोली झाडून ठेव.

तुझी हबकलेली,
आक्का

घर, ता. ९

ती. आक्कास, सा. न. वि. वि.

पत्र आल्या आल्या यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, असं कुठे असतं का? पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा उठून सुताराकडे गेले.

तू आधी त्याला आण. खिडकीपाशी खाट टाकलीय, सुताराकडून धरून चालायला कठडा ठोकून घेतलाय. तुझी बडबड कानावर पडली की मुकासुद्धा बोलेल, नाना तर काय! नाहीच बोलला तर खुणा आहेत. आपल्या माणसाला भाषा कशाला लागते?

लवकर या. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
छोटी

राजधानी, ता. १५

चि. सौ. छोटीस, अ. उ. आ.

तुझा कठडा वाचून डोळे भरले, म्हणून पुढचं लिहायला हात धजत नाही.

काल नानाला सलूनमध्ये सगळ्यांचा निरोप घ्यायला नेलं. पहिल्या दिवसानंतर खोलीत माझ्यासमोर मुका बसणारा हा, खुर्चीत टेकला मात्र, सुरूच झाला. शेजारचा घड्याळजी आला, जुनी गिऱ्हाइकं आली, एक तर तोंडाला साबण तसाच ठेवून उठला. सगळे पोट धरून हसताहेत, मीच एकटी ठोकळ्यासारखी. घड्याळजीला दोन्ही भाषा येतात. त्याला विचारलं, काय म्हणतोय हा? तर म्हणाला, बहिणीने लहानपणी कान इतके पिळले, तेव्हापासून लोकांचे कान सांभाळून केस कापतो, म्हणतोय.

छोटे, आपलाच नाना गं, जसाच्या तसा! आणि आपल्या गावात हे कळणारं एक माणूस नाही. खुणांनी आपण त्याची भूक ओळखू, दुखणं ओळखू. थट्टा कशी ओळखणार?

घड्याळजीकडून त्यालाच विचारलं, तुला काय हवंय? वाटलं, हट्ट करील. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, आक्का नेईल तिकडे जाईन.

जन्मभर माझा शब्द ऐकला नाही मेल्याने, आणि आता हे! मी नेलं तर येईल, कुरकुरही करणार नाही. म्हणूनच मी त्याला आणत नाही. त्याची भरलेली पिशवी मी आज रिकामी केली. घड्याळजीची बायको डबा देईल, मी अधूनमधून येत राहीन.

पुढच्या आठवड्यात एकटीच निघते. दारातच काय बोलायचं ते बोलून घे. लोभ मात्र कमी करू नकोस, तेवढं या घडीला मला सोसणार नाही.

तुझी,
आक्का