तांदळाच्या डब्यातलं मंगळसूत्र

अकोला

प्रिय आई,

प्रभू तुले सांभाळो. मी बरी आहे. बाबाचा खोकला कमी झाला का? इथं फोनवरचं सगळ्याइले ऐकू जाते, म्हणून लिहून राहिली.

सासूबाईच्या चर्चमधल्या बाया सोनं घालत नाहीत. भेवानं मी मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात लपवलं होतं. काल ते सासूबाईच्याच हाती लागलं.

त्या म्हणाल्या, "मी घालत नाही ते प्रभूसाठी. तूबी प्रभूसाठीच घालत होती ना? मग लपवलं काहून?"

रविवारी घालून जाईन. चर्चमधले काय म्हणतीन, याचं भेव आहेच.

पण आई, नाताळाले येशील तवा सासऱ्यासमोर सासूबाईच्या मोकळ्या गळ्यावरून काही बोलू नको. मले जास्त भेव तुह्याच तोंडाचं आहे.

तुही,
एस्तेर