नव्या संगणकात काय काय घातलं

१२ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? फोनवर विचारलं असतं, पण फोनवर तू मला मधेच तोडतेस, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचंय. म्हणून पत्र.

इकडची खबर म्हणजे स्टुडिओतला संगणक गेला. गेला कसला, मीच घालवला. पडद्यावर लाल चौकट आली, 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, मोफत सफाईसाठी इथे दाबा.' फुकट ते पौष्टिक! मी दाबलं. चहा पिऊन येतो तोवर अकरा वर्षांचे फोटो कुलूपबंद, आणि किल्ली हवी तर पैसे पाठवा असा निरोप. पाठवले नाहीत. चोराच्या शब्दावर कोण भरवसा ठेवणार? फोटो गेले ते गेलेच. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

नवा संगणक घेतला. दुकानदार म्हणाला, "काका, फोटोंचं महागडं सॉफ्टवेअर असंच टाकून देतो. कुणाला कळतंय?" पण एकदा दुधानं तोंड पोळलेलं. खोका तसाच उचलला आणि कुणी कुणी नाव घेत होतं म्हणून बसस्थानकामागच्या दुरुस्तीच्या दुकानात गेलो. जिना चढून वर एकच खोली, दोन टेबलं, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले स्क्रूड्रायव्हर. दुकान एक मुलगी एकटी चालवते.

तिनं खोका उघडलाच नाही. आधी विचारलं, यावर काम कोणतं होणार, कोण कोण बसणार, फोटोंची दुसरी प्रत कुठे असते. कुठेच नाही, म्हटलं. ती हसली नाही की रागावली नाही, नुसतं वहीत लिहून घेतलं.

मी म्हटलं, "आता फुकटचं काही नको बाई."

"फुकटात दोन जाती असतात," ती म्हणाली. "एकाची आतली सगळी घडण लोकांसमोर उघडी असते, हवं त्यानं तपासावी. दुसरं आपणहून दारात येऊन गळ्यात पडतं. पहिलं शोधत जायचं, दुसऱ्याला दार उघडायचं नाही."

बिलं-पत्रांसाठी लिब्रेऑफिस घातलं, इंटरनेटसाठी फायरफॉक्स, त्यात जाहिराती अडवणारी एक जोड. प्रत्येक गोष्ट बनवणाऱ्याच्याच साइटवरून घेतली, पत्ता मला मोठ्यानं वाचायला लावून. फोटोंसाठी तिनं तीन सॉफ्टवेअर मांडली, एकच बिघडलेला फोटो तिन्हींत उघडून दिला आणि म्हणाली, हात कुठे बसतो ते बघ. तासभर थांबली. मी डार्कटेबल निवडलं. ताई, इतक्या वर्षांत मला कुणी कॅमेराही असा निवडू दिला नव्हता!

मी तीन अँटीव्हायरस मागत होतो. "एका दारात तीन कुत्री बांधलीस तर ती एकमेकांवरच भुंकतील. संगणकाबरोबर आलाय तोच पुरे, फक्त अपडेट टाळू नकोस." फोटोंच्या दोन प्रती दोन डिस्कवर. एक स्टुडिओत, एक घरी, आणि काम झालं की वायर काढून ठेवायची.

मधेच एक आजीबाई धापा टाकत जिना चढून आल्या. फोनमध्ये मुलाचे निरोप दिसेनात. हिनं त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि खाली गुडघ्यांवर बसून, पेशंटला विचारावं तसं विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

डॉक्टर झाली असती तरी ती अशीच झाली असती.

तू ओळखलंच असशील. हो, तुझी लेक. ती तिथे बसते हे मला ठाऊक होतं. म्हणूनच एवढे दिवस जिन्याशी जाऊन परत येत होतो.

आता मुद्द्याचं. चार वर्षांपूर्वी तिनं डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडलं तेव्हा तू नुसती रडत होतीस. "नाक कापलं पोरीनं, हिच्याशी बोलणं टाक," हे मी म्हणालो होतो. तुझा तिच्याशी अबोला आहे तो माझ्यामुळे, ताई. तू मला कधी तसं बोलून दाखवलं नाहीस, आणि मीही सोयीस्करपणे विसरलो.

निघताना तिला म्हटलं, "चुकलो गं मी."

ती वायरी गुंडाळत राहिली. म्हणाली, "मामा, हळू उतर, तिसरी पायरी खचलीय."

अर्ध्या जिन्यात असताना वरून हाक आली. "आईचा पासवर्ड अजून माझी जन्मतारीखच आहे का रे? असेल तर बदलायला सांग. कुणालाही ओळखता येईल."

"तूच सांग की."

"उचलेल ती फोन?"

ते तूच ठरव, ताई. तिचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. दुपारी दोन ते तीन दुकानात कुणी नसतं.

ज्याचं तेव्हा ऐकायला नको होतंस आणि आज ऐकावंस, असा
तुझा धाकटा