चौथा गडी

ती. अक्का,

इथूनच वाकून नमस्कार. मी बरा आहे, जेवण जातं. ही गेल्यापासून रडू मात्र आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

मुलाने मला गोल्फला घातलंय. लहानपणी साहेबांच्या काठ्यांची पिशवी वाहताना त्यांची नजर चुकवून मी दोनचार टोले मारायचो, तेवढंच येतं. इथे एकट्याला खेळू देत नाहीत. आज एक न्हावी, एक दातांचे डॉक्टर आणि एक मास्तरीणबाई अशा तिघा म्हाताऱ्यांत मला घातलं.

पहिलाच चेंडू झुडपात गेला. पुढे निघालो, तर माझ्या खांद्यावर डॉक्टरांची पिशवी! माझी मागेच राहिली होती.

"अहो, आता तुम्ही खेळायला आलात," मास्तरीणबाई हसल्या.

मी मागे जाऊन माझी पिशवी आणली. हे पुन्हा कशाला बोलावतील, हीच धास्ती.

निघताना न्हावी म्हणाला, "उद्या या. आमचा चौथा गडी वारल्यापासून जागा रिकामीच आहे."

मी हो म्हणालो. घरी येऊन बूट काढले आणि हिला सांगायला आतल्या खोलीत गेलो.

मग तुला लिहायला बसलो. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझा,
धाकटा