शेपूट बाहेर

४ फेब्रुवारी
नर्सच्या दुकानाला काय म्हणायचं? पाटी लावताना बाबांनी विचारलं. डॉक्टरचा दवाखाना असतो, केमिस्टचं मेडिकल, मग तुझं काय गं? आई म्हणाली, घरातली पहिली पदवीधर आहे, ती म्हणेल ते. मी 'परिचारिका सेवा' लिहिलं. खोली एकच, पण भरपूर उजेडाची. आधी हॉस्पिटलच्या वॉर्डात होते, तिथे कुणाशी धड दोन शब्द बोलणं व्हायचं नाही. इथे प्रत्येकाला वेळ देणार.

९ फेब्रुवारी
पहिली रोजची पेशंट! मागच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी. पाठीवरचं गळू डॉक्टरांनी कापलंय, जखम खोल आहे. तिच्यात गॉजची लांब पट्टी भरायची, दुसऱ्या दिवशी काढून नवी भरायची, म्हणजे जखम तळापासून भरत येते. एका जखमेत एकच पट्टी आणि तिचं टोक बाहेर, असं कॉलेजात घोकून घेतलेलं. त्या टोकाला आम्ही मुली शेपूट म्हणायचो. हे सांगितलं तर मावशी पालथ्या पडल्या पडल्या हसल्या. म्हणाल्या, या वयात शेपूट फुटलं हे सुनेला कळू देऊ नकोस, आधीच मला माकडीण म्हणते.

१७ फेब्रुवारी
मावशी ब्लाउजचं माप घेता घेता माझी जाहिरात करतात. फोन थांबत नाही. आज त्यांच्याकडे पट्टी अर्ध्यातच संपली, नवा गठ्ठा खोलीवर राहिलेला. परत कोण जाणार, पुढची बाई ताटकळत होती. पिशवीत एक सुटा तुकडा होता, तो वरून भरला. उद्या आठवणीनं दोन काढायच्या.

२६ फेब्रुवारी
मावशींची जखम मिटली. त्यांनी मला एप्रन शिवून दिला, खिशावर बारीक नक्षी. इतक्या लवकर मिटली म्हणून मीही फुशारले. जिना उतरताना पाय थांबले.
दोन पट्ट्या भरल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकच काढली होती. वरची. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून.
तशीच मागे फिरले. दारात शेजारणी जमल्या होत्या. मावशी त्यांना सांगत होत्या, पोरीचा हात कसला, कापूस आहे कापूस. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहा घेतला आणि परत आले.
आता कळलं तर पाटी उतरवावी लागेल. बाबांना काय सांगू? शेपूट घालणं म्हणजे काय ते आज समजलं.

२८ फेब्रुवारी
निवृत्त मास्तरांच्या नडगीवरची साधी खरचट. तिच्यात मी कधीच काही भरलेलं नव्हतं. ड्रेसिंग काढलं तर मधोमध पांढरं टोक.
ओढलं. येतच राहिलं. ओलं, कुजकट वासाचं, हातभर लांब. नडगीवर एवढी जागा कुठे असते? मास्तरांना काहीच जाणवलं नाही. सिस्टर, का थांबलात, एवढंच विचारलं. खाली खरचट होती तशीच, कोरडी.

२ मार्च
बाळंतिणीकडे गेले. बाळाची नाळ पुसायची होती. बेंबीत टोक.
बाळाची आई काय झालं म्हणाली. काही नाही म्हणाले.
आत ढकललं. मी. माझ्या बोटानं. कापसासारख्या हातानं.

४ मार्च
मावशींच्या सुनेचा फोन. ताप उतरत नाही, पाठ लाल झालीय, पण डॉक्टरांकडे यायला तयार नाहीत. सिस्टरलाच बोलवा, तिच्याशिवाय कुणाला हात लावू देणार नाही, म्हणतात. मी तापाची गोळी द्या म्हणाले. उद्या येते म्हणाले.

५ मार्च
गेले नाही. तोंड धुताना ओठाच्या कोपऱ्यात — नाही, दोरा असेल. टॉवेलचा दोरा —

६ मार्च
सांगितलं. डॉक्टरांना, मावशींसमोर, सुनेसमोर. सून किंचाळली. मावशी तापात माझा हात धरून म्हणाल्या, मग आता काढ ना बाई.
दवाखान्यात त्यांना आत घेतलंय. मी बाहेर बाकावर. डॉक्टर ओढताहेत.
कसं कळतं? माझ्या पाठीत कळतं. प्रत्येक हिसक्याला आतून काहीतरी सरकतं. हात मागे नेऊन पाहिलं. कातडी सलग आहे, टोक कुठेच —
डॉक्टर दारात आले. चेहरा पांढरा. मावशींचा ताप उतरतोय, पण पट्टी संपतच नाही म्हणाले. इथेच कापून टाकू का म्हणाले. कापलं तर मी वाचेन, हे त्यांना ठाऊक नाही.
कापू नका, मी म्हणाले. सगळी काढा. ते आत गेल्यावर दार मीच लावून घेतलंय. आता ते जोरात ओढ