जावयाचा हात

१४ ऑक्टोबर
आज हार्लनने चेंडू टाकला! ऑपरेशननंतर पहिल्यांदा. मनगटातली कंडरा काढून कोपरात बसवली आहे, ती धरते की नाही देव जाणे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणारा तो पिचर, त्याचं कोपर म्हणजे त्याची भाकरी. संघ फेब्रुवारीतल्या सराव कॅम्पपर्यंत थांबणार, पुढे नाही.
झेलायला कोण? माझी लेक कॉरिन दवाखान्यात ड्यूटीवर. म्हणजे मीच — सासू! शाळेत सॉफ्टबॉल खेळायचे, तेवढंच भांडवल.
इतका हळू टाकला की म्हटलं, "जावईबापू, अंडं आहे का ते?"
"हसू नका आई, मला घाम फुटलाय." खरंच फुटला होता.

१५ ऑक्टोबर
कोपर दुखलं नाही. उठल्या उठल्या तेच विचारलं.

९ नोव्हेंबर
अजब तऱ्हा आहे या डॉक्टरांची — बरा होईल तसं त्याने लांब लांब जाऊन चेंडू टाकायचा. आज अंगणाच्या टोकाला पिकॅनच्या झाडापर्यंत गेला. माझा परतीचा चेंडू पोचेना, टप्पे खात जातो.
"टपालाने पाठवलात का?" म्हणे! गाढव. पण हसतो किती गोड.

थँक्सगिव्हिंग
सणाची टर्की त्यानेच कापली, ऑपरेशनच्या उजव्या हाताने. सगळे आपापल्या ताटात बघत होतो. कॉरिनचे डोळे भरले होते.

१२ जानेवारी
आता शाळेच्या मैदानावर जातो. आज एक चेंडू जरा जोरात आला. तळवा लाल! म्हटलं, असाच टाक, अजून जोर लाव.
"नको आई, तुम्हाला लागेल."
किती काळजी करतो पोरगा. रात्रभर बरं वाटत राहिलं.

३ फेब्रुवारी
संघाच्या फिजिओचा फोन. हार्लन अंघोळीला होता, मी घेतला. फ्लोरिडात कॅम्प सुरू झालाय, चेंडू झेलणारा कॅचर वाट बघतोय, डॉक्टरांनी तर कधीच होकार दिलाय!
"तो म्हणतो, अजून दुखतं. या आठवड्यात आला नाही तर जागा दुसऱ्याला जाईल, काकू."
दुखतं? मला तर रोज नाही म्हणतो!
कॉरिनला विचारलं. भांडी घासता घासता म्हणाली, "घाबरतोय तो, आई. पूर्ण जोर लावला आणि परत तुटलं तर? तुझ्यासमोर पूर्ण जोर लावावाच लागत नाही ना."
म्हणजे 'तुम्हाला लागेल' ते हे! आणि मी आपली सुखावून बसले होते.
राग आला. स्वतःचाही. कारण तो जायला मलाही नकोय. चार वाजले की हातमोजा घालून दारात उभी असते मी — वेडी!

४ फेब्रुवारी
हार्लनला सांगितलं, माझा खांदा गेला. आता झेलणं जमायचं नाही, दुसरं कोणी बघ. बिचारा घाबराघुबरा झाला, स्वतः बर्फ बांधून दिला. मग म्हणाला, "म्हणजे आता कॅम्पलाच जावं लागणार."
उद्या निघतोय.
खांदा ठणठणीत आहे.